ऑक्टाव्हिया आरएसचे चारही कॅलिपर घरी खोलले, त्याची हकीकत

मागचं डावं चाक तापत होतं. नागपुरात धरमपेठेतून निघून वर्धा रोडने विमानतळापर्यंत गेलं आणि उतरून रिमजवळ हात नेला, की तिथली आच बाकी तीन चाकांपेक्षा वेगळी जाणवायची. काळी भुकटीही त्याच रिमवर जास्त. पूर्वी न्यूट्रलला टाकून सहज ढकलली जाणारी गाडी आता जोर लावल्याशिवाय हलत नव्हती. शिवाय जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढ घ्यायचं, म्हणजे पुढचा डावा कॅलिपर, चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळणारा भाग, आपल्या वाट्याचं काम करत नव्हता. मागचा ब्रेक सुटत नव्हता आणि पुढचा नीट लागत नव्हता. तक्रारी दोन, पण मूळ एकच: जे सरकायला हवं ते सरकत नव्हतं.

गाडी 2005 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 बीएचपी, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. मामांनी नवी घेतली तेव्हा आमच्या ओळखीत अशी गाडी कुणाकडेच नव्हती. छिंदवाड्यावरून पचमढीला आणि परतवाड्यावरून चिखलदऱ्याला ती कितीदा गेली असेल, हे मामाच सांगू जाणे. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले, क्लच दाबणं नको झालं आणि गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली. ती माझ्याकडे आली तेव्हा इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. ब्रेकने मात्र उभ्या राहिल्याची किंमत मोजली होती.

धावत्या गाडीचा पिस्टन रोज थोडाथोडा हलतो आणि स्वतःची जागा साफ ठेवतो. उभ्या गाडीत तो एकाच ठिकाणी महिनोन्महिने बसून राहतो. वर नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या वर, टिनाखाली त्याहून जास्त. त्यात रबर कडक होतं, ग्रीस वाळतं. मग जून लागतो, चार महिने हवेत दमटपणा, आणि लोखंडाला गंज चढतो.

मी गाडी आधी एका वर्कशॉपला दाखवली. चारही कॅलिपर नवे टाका, असं सांगण्यात आलं. ते बाहेरून मागवावे लागणार होते आणि आकडा गाडीच्या आजच्या किमतीशी तुलना करावी असा होता. आत नेमकं काय खराब झालंय, असं विचारलं तर ‘जाम झालेत’ याच्यापुढे उत्तर नव्हतं. माझा त्या उत्तराने समाधान होण्याचा स्वभाव नाही. कॅलिपरचं मुख्य अंग म्हणजे ओतीव धातूचा जाड तुकडा. तो सहसा मरत नाही. मरतं ते रबर, वाळतं ते ग्रीस, आणि बिघडतं ते ब्रेक ऑइल. त्यामुळे खोलून बघायचं ठरवलं.

खोलण्याआधी आत काय घडतं ते नीट समजून घेतलं, कारण त्याच्याशिवाय कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे कळत नाही. या गाडीला तरंगता कॅलिपर आहे. पिस्टन एकच, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकवतो. डिस्क तर बाजूला सरकत नाही, मग उलट दिशेच्या जोराने कॅलिपर स्वतःच दोन गाइड पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे सरकणाऱ्या जागा दोन झाल्या, पिस्टन आणि पिना. पिना अडकल्या की पिस्टनकडचा पॅड भराभर झिजतो आणि बाहेरचा जवळपास नवाच राहतो. आमच्या पुढच्या डाव्या चाकात नेमकं हेच दिसलं. पॅड काढून शेजारी ठेवले तर ते एका जोडीचे वाटतच नव्हते.

आता पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कोण नेतं? मला कित्येक वर्षं वाटायचं की आत कुठेतरी स्प्रिंग असेल. पुढच्या कॅलिपरात तशी स्प्रिंग नाहीच. पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या भिंतीत एक खाच असते, तिच्यात चौकोनी कापाची रबरी सील बसते आणि पिस्टनला गच्च धरून असते. पिस्टन पुढे जातो तेव्हा सील त्याच्याबरोबर किंचित वाकते. दाब गेला की ती सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे ओढते. पॅड सुटण्यासाठी तेवढं पुरतं. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून नवी जागा धरतो, म्हणून डिस्क ब्रेकला वेगळं ॲडजस्टमेंट लागत नाही. एवढं मोठं काम एका रबराच्या कडीवर चालतं, याचं मला आजही अप्रूप आहे. ती कडी कडक झाली की गळती व्हायच्या आधीच ब्रेक सुटेनासा होतो.

सुटे भाग मिळतील का ही धाकधूक होती. ती लवकर संपली. ही ऑक्टाव्हिया ज्या सांगाड्यावर बांधलेली आहे त्याच सांगाड्यावर चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑडी ए3, पहिली टीटी आणि न्यू बीटल होती. त्यामुळे जगभर या मापाचे सील किट बनतात. पुढचा पिस्टन 54 मिमी, मागचा 38 मिमी. गाडीचं नाव सांगत बसण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले की काम झटकन होतं. किट आणि एक पिस्टन दिल्लीच्या कश्मीरी गेटहून मागवला. बाकी तांब्याचे वायसर, पॉलिश पेपर, पितळी ब्रश वगैरे इतवारीच्या लोहाओळीत मिळालं.

खोलण्याची सुरुवात ब्लीडिंग निप्पलपासून केली, म्हणजे आत अडकलेली हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूपासून, चाक काढल्या काढल्या, कॅलिपर गाडीवरच असताना. हे मला हिंगणा रोडवरच्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं. त्याचं छोटं गॅरेज आहे, पण हात फार स्वच्छ. तो म्हणाला, “भाऊ, आधी निप्पल हलते का पाहा. तुटली ना, तर बाकी मेहनत कायले करता मंग?” निप्पल पोकळ असते, गंजलेली असते आणि उघड्या पान्याने फिरवली की कडा गोल होतात. मी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि सकाळी 11 चा सहा कोनी सॉकेट लावून हलक्या हाताने, थोडं सैल थोडं घट्ट असं करत सोडवल्या. त्या चारही सुटल्या तेव्हाच हे काम पार पडणार असा धीर आला.

पुढच्या कॅलिपरच्या गाइड पिना 7 मिमीच्या ॲलन कीने निघतात. त्यांच्यावर प्लास्टिकची टोपणं असतात, ती जपून काढायची. धूळ तिथूनच आत जाते आणि बऱ्याच गाड्यांत ती टोपणं कधीच हरवलेली असतात. डाव्या बाजूची खालची पिन हाताने हलेना. काढली तर तिच्यावर तपकिरी डिंकासारखा थर होता, कुठल्याशा जुन्या ग्रीसचा. या पिना रबराच्या बुशमध्ये सरकतात आणि खनिज तेलाचं ग्रीस लागलं की ते रबर फुगतं. फुगलेलं रबर पिनेला आवळून धरतं. कुणीतरी चांगल्या मनानेच ते ग्रीस लावलं असणार. बुश बदलले, पिना पुसून चकचकीत केल्या आणि काम झालं. उजवीकडची ओढ मुख्यतः या एका पिनेची होती.

पिस्टन काढायला हवा मारावी असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो, आणि बोट मध्ये असलं तर बोट राहत नाही. त्यापेक्षा ब्रेकचा होज, म्हणजे ऑइल आणणारी रबरी नळी, जोडलेला असतानाच, समोर लाकडाची फळी धरून, पेडल हळूहळू दाबत पिस्टन बाहेर आणला. दुसऱ्या चाकांचे कॅलिपर आणि पॅड जागेवर असू द्यायचे, म्हणजे हा एकच पिस्टन पुढे सरकतो. पिस्टन फळीवर टेकला की तळाला तसराळं ठेवायचं. जे ऑइल बाहेर आलं त्याचा रंग कोऱ्या चहाचा होता, आणि तळाशी काळसर गाळ.

होज सुटल्यावर टाकीतलं सगळं ऑइल वाहून जाऊ नये म्हणून एक साधी युक्ती आहे. सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पेडल थोडं दाबून ठेवायचं. पेडलखालच्या, दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमधली वाट बंद होते आणि थेंबथेंबसुद्धा पडत नाही. फक्त ब्रेक लाइट जळत राहतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. या गाडीत क्लचही त्याच टाकीतून ऑइल घेतो. टाकी रिकामी होऊ दिली तर क्लचमध्येही हवा शिरते आणि नसतं काम वाढतं.

मागचे कॅलिपर वेगळे. त्यांच्या पोटातच हँडब्रेक आहे. पिस्टनच्या आत एक आट्यांचा स्क्रू असतो. हँडब्रेकची केबल बाहेरचा छोटा लिव्हर ओढते, लिव्हरचा दांडा आत फिरतो आणि स्क्रूमार्फत पिस्टनला पुढे ढकलतो. पॅड झिजला की तोच स्क्रू आपोआप फिरून अंतर भरून काढतो. त्यामुळे हा पिस्टन सी-क्लॅम्प लावून मागे दाबायचा नसतो. घड्याळाच्या दिशेने फिरवत मागे न्यायचा, आणि काढायचा तर उलट फिरवत. त्याच्या तोंडावर खाचा असतात, त्यांच्यात दोन खुंट्यांचं हत्यार बसवतात. मी ते हत्यार मेकॅनिककडून आणायला गेलो तेव्हा त्याने पुन्हा बजावलं, “मागचा दाबू नका बरं. हा फिरवा लागते. दाबून दाबून लोकांनी किती कॅलिपर भंगारात टाकले, तुमाले सांगतो.”

मागच्या डाव्या कॅलिपरमध्ये पिस्टन ठीक होता. अडकला होता तो हँडब्रेकचा दांडा. हँडब्रेक सोडला तरी लिव्हर आपल्या टेकूपर्यंत परत येत नव्हता, मध्येच थांबायचा. म्हणजे हँडब्रेक थोडासा कायम लागलेलाच. केबल काढून पाहिली तर केबल मोकळी होती आणि लिव्हर बोटाने ढकलल्यावरही कुरकुरत फिरत होता. तापणाऱ्या चाकाचं कारण सापडलं.

तो दांडा काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. सिलिंडरच्या तळाशी, खोल, एक सर्किलप, म्हणजे खाचेत अडकणारी पोलादी कडी, असते आणि तिच्यामागे दाबलेली स्प्रिंग. साधा सर्किलपचा पकड तिथपर्यंत पोचत नाही. लांब आणि बारीक टोकांचा पकड लागला, आणि स्प्रिंग दाबून धरायला एक पाइपचा तुकडा कापून त्याला खिडकी पाडून घेतली. सर्किलप निघाल्यावर वायसर, स्प्रिंग, तिची टोपी, स्क्रू आणि त्याखालचा छोटा टेकू, हे सगळं ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने जुन्या चादरीवर मांडून फोटो काढला. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “घाई करू नकोस रे. ब्रेक आहे तो.” मग स्वतःच फोनवर आणखी दोन बाजूंनी फोटो काढून ठेवले, आणि जोडताना त्यांचेच फोटो कामाला आले.

दांडा बाहेर आला. ज्या भागावर बाहेरची सील बसते तिथे गंजाची लालसर कडी होती. आतला भाग, जिथे ऑइल असतं, तो कोरा करकरीत. बाहेरच्या धुळीपासून राखणारं रबर तडकलं, पाणी आत गेलं आणि दांडा त्याच्याच घरात गंजला, एवढीच त्याची कथा. गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, भोकही साफ केलं, नवी सील घातली. लिव्हर एका बोटाने फिरायला लागला आणि सोडला की टक्कन टेकूवर यायला लागला. तो आवाज मी मामांना मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकवला.

साफसफाईवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वेळ तिथेच जायला हवा असं माझं मत आहे. बाहेरच्या गंजासाठी कॅलिपर लिंबूसताच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवले. किराणा दुकानात मिळणारं हेच लिंबूसत, फार तेज रसायन आणायची गरज नाही. रात्रभरात गंज मऊ होतो आणि पितळी ब्रशने निघतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि लगेच वाळवायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा पिवळसर झाक येते. पॅडची भुकटी मात्र कधीही फुंकर मारून किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये काय असेल याचा नेम नसतो. मास्क लावून, ओली करून पुसायची.

सीलची खाच हा खरा मुद्दा. बऱ्याच ठिकाणी नवी सील घालतात आणि खाच तशीच ठेवतात. खाचेच्या तळाला गंजाचा पातळ, कडक थर बसलेला असतो. नवी सील त्याच्यावर चढून बसते, पिस्टनला गरजेपेक्षा जास्त आवळते, आणि नवं रबर घालूनही ब्रेक पकडतच राहतो. मी बांबूची काडी चपटी तासून घेतली आणि खाचेतून गोल गोल फिरवत राहिलो. लोखंडी टोक वापरलं तर खाचेला ओरखडा पडतो आणि तिथून ऑइल झिरपतं. काडीच्या टोकावर येणारी भुकटी आधी लालसर होती, मग राखाडी झाली, मग यायची थांबली. बॅटरीच्या उजेडात खाच सगळीकडे सारखी चमकली तेव्हा पुढचा कॅलिपर हातात घेतला.

जुनी सील आणि नवी सील हातात धरून पाहण्यासारख्या असतात. नवीच्या चारही कडा धारदार, नख रोवलं की खड्डा पडतो आणि लगेच भरतो. जुनीच्या आतल्या दोन कडा गोल झालेल्या, नख रोवलं तर रुततच नाही, आणि टेबलावर टाकली तर प्लास्टिकसारखा आवाज.

पुढच्या डाव्या पिस्टनच्या कडेवर, धूळ अडवणारा रबरी बूट बसतो त्याच्या जरा आत, क्रोमला सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. डिस्क ब्रेकमध्ये सील भिंतीत बसलेली असते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. त्यामुळे भिंतीवरच्या बारीकसारीक डागाने फारसं बिघडत नाही, पण पिस्टनचा पृष्ठभाग निर्दोषच हवा. ड्रम ब्रेकच्या सिलिंडरमध्ये उलट, तिथे भिंत जपावी लागते. तरी एकदा जाणत्याला दाखवावं म्हणून तो पिस्टन हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी आधी कापडाने हात पुसले, मायक्रोमीटर शून्यावर आहे का पाहिलं, तीन जागी माप घेतलं आणि पिस्टन परत माझ्या हातात ठेवला. “घासून देऊ शकतो मी. खड्डे जाईन, पण साइजही जाईन ना बाप्पा. मंग सील काय पकडन?” मी पैसे विचारले तर नाही म्हणाले. काम न करण्याचा सल्ला इतक्या काळजीने देणारा माणूस भेटला की त्या दुकानाचा पत्ता माणूस जपून ठेवतो. त्या जागी नवा पिस्टन टाकला.

रंग मूळचा राखाडीच ठेवला, उष्णता सहन करणारा, पातळ हाताने. लाल रंग लावून कॅलिपर मोठे दाखवायची हौस हल्ली फार दिसते. मामांच्या गाडीला ती मला शोभणारी वाटली नाही. सिलिंडर, खाचा, पॅड सरकायच्या जागा आणि होज टेकतो ती जागा, एवढं टेपने झाकून घेतलं होतं.

जोडणी करताना एक नियम पाळला: रबराला लागणारी प्रत्येक गोष्ट रबरासाठीच बनवलेली हवी. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्यालाच चालेल असं बनवलेलं असतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही लागलं की ते फुगतं. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खाचेत बोटाने बसवली आणि पीळ पडला नाही ना हे बोट गोल फिरवून पाहिलं. पुढच्या पिस्टनचा धुळीचा बूट बसवणं थोडं कसबाचं आहे. बूट आधी पिस्टनच्या आतल्या टोकावर चढवायचा, त्याची मोकळी कड बाहेर लोंबती ठेवायची, ती कड कॅलिपरच्या खाचेत सगळीकडून बसवायची, आणि मगच पिस्टन सरळ धरून आत ढकलायचा. पिस्टन आधी घातला तर बूटची कड खाचेत जाता जात नाही. सगळं जुळून आलं तर पिस्टन दोन अंगठ्यांच्या जोराने, मऊ पण भरीव असा आत जातो. अंगठ्यांना तो प्रतिकार एकदा कळला की सील बरोबर बसली की नाही हे सांगायला कुणी लागत नाही.

मागच्या कॅलिपरचे गाइड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घेतले. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर. प्रत्येक बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने कसला, चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला.

ऑइल डॉट 4, सीलबंद बाटली त्याच वेळी फोडून. डॉट 4 च्या मानकाप्रमाणे कोरडं ऑइल किमान 230 अंशाला उकळलं पाहिजे. पण त्याने 3.7 टक्के पाणी शोषलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. ते हवेतलं पाणी ओढतच असतं, होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून. चिखलदऱ्याच्या उतारावर सारखे ब्रेक मारताना कॅलिपर तापला आणि आतलं पाणी उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून शेल्फवर अर्धी उरलेली जुनी बाटली, कितीही महागाची असली, तरी ब्रेकमध्ये घालू नये. ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. बादलीभर पाणी शेजारी ठेवलं होतं.

एअर काढायला माझी मुलगी पेडलवर बसली. मी खाली, पारदर्शक नळी निप्पलला, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

“दाब.”

“दाबलं, बाबा.”

“धरून ठेव... सोड.”

निप्पल बंद केल्याशिवाय ‘सोड’ म्हणायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घेतलं होतं. मागच्या चाकांपासून सुरू करून पुढे आलो. नळीतून आधी तपकिरी ऑइल, मग बुडबुड्यांची माळ, मग मधासारखा स्वच्छ रंग. मधूनमधून मामा टाकीतली पातळी बघून ऑइल ओतत होते. शेवटी मुलगी म्हणाली, “आता खाली जातच नाही,” आणि तिच्या पायाखाली पेडल खरंच दगडासारखं घट्ट होतं. हँडब्रेकची केबल त्यानंतर जोडली, कारण आधी जोडली तर मागच्या स्क्रूचं ॲडजस्टमेंट चुकतं. पेडल बऱ्याच वेळा दाबून मागचे पिस्टन आपली जागा घेईपर्यंत थांबलो आणि मग केबल अशी लावली की सोडल्यावर दोन्ही लिव्हर टेकूवर येतील.

घरी उभ्या उभ्या पेडल घट्ट लागलं म्हणजे काम संपलं असं नाही. इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरलं, चारही चाकांच्या मागे टिश्यू पेपरने पुसून ओल येते का पाहिलं. मग गल्लीत चालण्याच्या वेगाने. मग पहाटे मिहानमध्ये, तिथले रुंद रस्ते त्या वेळी रिकामे असतात. नवे पॅड डिस्कवर बसवायचे तर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार करायचं, पुन्हा तेच. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं तर पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो आणि पुढे पेडलला थरथर येते.

परत येताना बराच अंतरभर ब्रेकला न शिवता गाडी आपोआप थांबू दिली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क मोजल्या. पुढची डावी आणि उजवी यांत पाच-सात अंशांचा फरक, मागच्या दोन्ही जवळपास सारख्या, आणि पुढच्यांपेक्षा बऱ्याच गार, जशा असायला हव्यात तशा. ज्या चाकाजवळ हात नेववत नव्हता त्याच्या रिमला मी तळहात लावून उभा राहिलो. स्टिअरिंग सोडून ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबली. पुढच्या रविवारी मामांना घेऊन रामटेकला गेलो. गडाच्या चढावर गाडी मधेच थांबवून फक्त हँडब्रेकवर सोडली आणि दोघं खाली उतरलो. मामांनी मागच्या चाकाजवळ जाऊन दोन मिनिटं पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “उतरताना मी चालवतो.” गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. “उताराला क्लच कुठे फार लागतो,” म्हणाले, आणि किल्ली घेतली.

ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांना माझं प्रामाणिक मत सांगतो. सील, बूट, पिना हे काम वाचून, समजून, सावकाश करणाऱ्या कुणालाही जमेल. मागच्या हँडब्रेकच्या यंत्रणेला हत्यारं नीट असतील तरच हात घालावा. एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट घरी अजिबात खोलू नये. आणि पहिल्यांदा करत असाल तर चाकं चढवायच्या आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बोलावून सगळे बोल्ट आणि होज दाखवून घ्यावेत. मीही हिंगणा रोडवाल्याला बोलावलं होतं. त्याने पुढचा डावा होज वळवून पाहिला आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर तो कुठे घासत नाही ना याची खात्री करून दिली. चहाशिवाय काही घेतलं नाही.

मागचे दोन्ही रबरी होज अजून मूळचेच आहेत. वरून तडा नाही, पण वीस वर्षं म्हणजे रबराला पुष्कळ झाली, ते मागवले आहेत. ते आले की मागच्या दोन चाकांची एअर पुन्हा काढावी लागेल. ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि मी ते पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास करणार आहे.